वस्तादांची गादी आणि ट्रेनरची नोकरी

(एका व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यायाम शिकविण्याचे पैसे घ्यायचे नसतात, असा संकेत महाराष्ट्राने दीर्घकाळ पाळला. तालमीच्या वस्तादांना गुरुपौर्णिमेला फेटा आणि नारळ मिळत असे. फार तर एखाद्या सधन पालकाकडून दुधाचा रतीब. वस्तादांचा प्रपंच कसा चालतो, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. या संकेतामागचा भाव थोर होता यात शंका नाही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. वस्तादांच्या मुलाने तालमीत पाऊल ठेवले नाही. तो नोकरीच्या शोधात शहरात गेला आणि लाल मातीचा हौद ओस पडला. त्याच शहरात, त्याच पेठेत, वातानुकूलित जिम मात्र उभी राहिली आणि तेथे वर्षाची वर्गणी आगाऊ भरून लोक जाऊ लागले.

व्यायामाचा हा व्यवसाय आज केवढा झाला आहे? डेलॉइट या संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार भारतातील फिटनेस उद्योगाची उलाढाल २०२४ साली सुमारे १६,२०० कोटी रुपये होती आणि २०३० पर्यंत ती ३७,७०० कोटींवर जाईल, असा त्यात अंदाज आहे. सभासदसंख्या आहे सव्वा कोटीच्या आसपास. एकशे चाळीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात हे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. उद्योजक या आकड्यात संधी पाहतात, ते स्वाभाविकच आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, २००० साली पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या प्रौढ भारतीयांचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. २०२२ साली ते जवळजवळ ५० टक्के झाले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे आढळले. म्हणजे गरज अर्ध्या देशाची आहे आणि सोय शंभरात एकाचीही नाही. या मधल्या जागेत कोण उभे राहणार, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे या क्षेत्राचे ज्ञान नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला शास्त्राचे रूप दिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. बडोद्यात दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. इतके ज्ञान असलेल्या समाजाला एक गोष्ट मात्र साधली नाही: ज्ञान देणाऱ्याच्या चरितार्थाची व्यवस्था. योगाच्या बाबतीत ती साधली, तीही बऱ्याच अंशी परदेशी शिष्यांमुळे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे इंग्रजी पुस्तक १९६६ साली निघाले आणि त्यांच्या पद्धतीचे प्रमाणित शिक्षक जगभर झाले. शिक्षकाची परीक्षा, प्रमाणपत्र आणि मग शुल्क, हा क्रम तेथे ठरला. आखाड्यात तो ठरलाच नाही.

व्यवसाय म्हणून व्यायाम चालतो कसा, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण या चकचकीत काचांच्या आतला हिशेब फारसा कोणी पाहत नाही. जागेचे भाडे, वीज, यंत्रांचे हप्ते आणि पगार हे चार खर्च सभासद येवोत वा न येवोत, चालूच असतात. वर्गणी मात्र एकदम जमा होते, बहुधा जानेवारीत, नववर्षाच्या संकल्पाच्या भरात. मार्चपर्यंत निम्मी मंडळी दिसेनाशी होतात. सगळे सभासद रोज आले तर उभे राहायला जागा पुरणार नाही, हे चालकाला पक्के ठाऊक असते. न येणाऱ्यांच्या पैशावर येणाऱ्यांची सोय! आगाऊ आलेला हा पैसा नफा समजून दुसरी शाखा काढली की संकटाला निमंत्रण मिळते. मुंबईत १९३२ साली पहिली व्यायामशाळा काढणाऱ्या तळवलकरांचे नाव दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचे. त्यांची कंपनी २०१० साली भांडवल बाजारात उतरली, गावोगावी शाखा झाल्या आणि २०१९ मध्ये कर्जरोख्यांवरचे व्याज थकले. मराठी माणसाच्या उद्यमशीलतेचे उदाहरण म्हणून ज्या नावाचा दाखला दिला जाई, त्याची ही अवस्था हळहळ लावणारी आहे. मात्र ती अभ्यासण्यासारखीही आहे.

पुढच्याच वर्षी महामारी आली. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या जिम महाराष्ट्रात उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. सात महिने भाडे आणि हप्ते चालू, वर्गणी शून्य. अनेक लहान चालकांनी यंत्रे विकली. स्वतःच्या मालकीच्या जागेत असलेल्या जुन्या व्यायामशाळांवर मात्र भाड्याचा बोजा नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता रोजगाराकडे वळू. जिममध्ये शिकविणारा तरुण बहुधा अल्प पगारावर असतो. त्याची खरी कमाई 'पर्सनल ट्रेनिंग'मधून, म्हणजे एकेका सभासदाला स्वतंत्र शिकविण्याच्या शुल्कातील वाट्यातून होते. म्हणून तो जितका शिक्षक, तितकाच विक्रेता बनतो. त्याच्यावर आणखी एक जबाबदारी नकळत येते. समोरच्या पन्नाशीच्या गृहस्थाला रक्तदाब आहे का, गुडघा दुखतो का, हे विचारण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. स्वतःचे दंड फुगलेले असणे हीच त्याची पदवी! शासनाच्या कौशल्य विकास योजनेत फिटनेस प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत, आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणीकरण मंडळ आहे. तथापि प्रमाणपत्र पाहून नेमणूक करणारे चालक थोडे आणि ते पाहून प्रवेश घेणारे पालक त्याहून थोडे.

पूरक आहाराचा व्यवहार तर अधिकच चिंतेचा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातील ३६ प्रथिन पावडरी तपासल्या, तेव्हा २५ डब्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण आत आढळले नाही. ट्रेनरला या डब्यांवर दलाली मिळते, हे उघड गुपित आहे. आणि लवकर शरीर कमावण्याच्या घाईतील विशीतल्या मुलाला डब्यानंतर इंजेक्शन सुचविले जाते, तेव्हा घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. बदाम, दूध आणि थंडाईचा खुराक सांगणारा वस्ताद शिष्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला तो सांगत असे. फरक दुधाचा किंवा पावडरीचा नाही, त्या घरी जाण्याचा आहे.

तरीही या क्षेत्राकडे तुच्छतेने पाहणे परवडणारे नाही. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'जिममध्ये शिकवतो' हे उत्तर आले की लग्नाच्या बैठकीत शांतता पसरते. शारीरिक शिक्षणाची पदवी, शरीरशास्त्राचे ज्ञान, प्रथमोपचार आणि योगाची जोड असलेल्या तरुणाला मात्र रुग्णालये, गृहसंकुले, कंपन्या, शाळा आणि ज्येष्ठ नागरिकांचे संघ अशी अनेक दारे उघडी आहेत. मल्लखांबाचेच पाहा. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ साली शिवाजी पार्कवर झाली. २०२४ मध्ये प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. परदेशी विद्यार्थी मल्लखांब शिकावयास दादरला येतात आणि आपली मुले स्क्वॅट शिकण्यासाठी भ्रमणध्वनीवरच्या चित्रफिती पाहतात. बैठक म्हणजे काय, हे आजोबांना विचारले असते तरी चालले असते!

शासनाने २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम व योगवर्गांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, हे स्वागतार्ह आहे. मात्र यंत्रे आणि भाडे यांवर चालकाने भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. त्यामुळे भाड्याच्या जागेत महागडी यंत्रे मांडणाऱ्याला हा लाभ पुरता पोहोचत नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या संस्थेला तर सेवेवरील हा कर सामान्यतः लागूच होत नाही. गावोगावच्या व्यायाम मंडळांचा हिशेब येथे वेगळा ठरतो. जागा स्वतःची, कराचा भार नाही, नाव तीन पिढ्यांचे. अशा ठिकाणी दोन प्रमाणित शिक्षक पूर्ण वेतनावर नेमावयाचे तर माफक वर्गणीचे दीड-दोनशे सभासद पुरेत. अडचण पैशाची कमी आणि संकोचाची अधिक आहे.

आणि वेळेचीही. बहुतेक व्यायामशाळा पहाटे व सायंकाळी गजबजतात. सकाळी दहा ते दुपारी चार सभागृह कुलूपबंद असते. घरकाम आटोपलेल्या गृहिणीला आणि सेवानिवृत्ताला सवड मिळते ती नेमकी त्याच वेळी. ज्या स्त्रियांत व्यायामाचा अभाव सर्वाधिक, त्यांच्यासाठी स्त्री प्रशिक्षिका नेमून दुपारचा वर्ग काढण्यास नवी इमारत लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. त्या वेळी किल्ली कोणाकडे असते, एवढी चौकशी कार्यक्रमानंतर व्यासपीठावरील पदाधिकाऱ्यांकडे भगिनींनी अवश्य करावी.