नावाचा शब्द होतो तेव्हा



नेवाशात येऊन मराठीबद्दल बोलायला मिळणं हे मी माझं भाग्य समजतो. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वर महाराजांनी याच गावात गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. आपली भाषा अमृताशीही पैज जिंकेल, असा विश्वास त्यांनी इथेच व्यक्त केला. त्या मातीत उभं राहून मी आज तुमच्याशी शब्दांबद्दलच बोलणार आहे. पुराणातल्या एखाद्या माणसाचं किंवा देवाचं नाव रोजच्या बोलण्यातला शब्द कसं होतं आणि त्यातून आपण काय शिकावं, एवढाच माझा विषय आहे.

मघाशी तुमच्या महाविद्यालयाच्या अहवालवाचनात एक शब्द ऐकला : मेंटॉर. तुमच्या प्रत्येक गटाला एक मेंटॉर प्राध्यापक नेमून दिले आहेत. हा शब्द मुळात एका माणसाचं नाव आहे. होमरच्या ग्रीक महाकाव्यात ओडिसियस राजा ट्रॉयच्या युद्धाला निघतो, तेव्हा घरदार ज्या मित्राच्या हवाली करतो त्याचं नाव मेंटॉर. पुढे राजपुत्र टेलेमॅकस संकटात सापडतो आणि अथीना ही देवी याच मेंटॉरचं रूप घेऊन त्याला वाट दाखवते. 1699 साली फेनेलाँ या फ्रेंच लेखकाने त्या राजपुत्रावर एक पुस्तक लिहिलं, ते युरोपभर वाचलं गेलं, आणि मेंटॉर म्हणजे वाट दाखवणारा वडीलधारा, असा अर्थ रुळला.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी दुसरं उदाहरण. ग्रीक कथेत टँटलस नावाचा राजा आहे. देवांनी त्याला शिक्षा दिली ती अशी, की हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी ओसरायचं. डोक्यावर फळं लटकलेली, पण हात वर केला की फांदी दूर जायची. त्याच्या नावावरून 'आशा दाखवून झुलवणं' या अर्थाचं क्रियापद इंग्रजीत आलं. 1802 साली एकेबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवलं तरी आम्ल घेत नव्हतं, म्हणून त्याने मूलद्रव्याचं नाव ठेवलं टँटलम. मोबाइलमधल्या बारीक कपॅसिटरमध्ये हा धातू वापरतात. त्या तहानलेल्या राजाचं नाव तुमच्यातल्या अनेकांच्या खिशात आहे.

हे झालं परदेशाचं. आपण मराठी माणसं तर पुराणाशिवाय एक दिवसही बोलू शकत नाही. अवघड काम तडीस नेलं की भगीरथ प्रयत्न, हमखास लागू पडणारा उपाय रामबाण, मुलगा सकाळी उठेना की कुंभकर्ण, घरात कोणी कान भरले की मंथरा. तुमच्या गावापासून तर एक आख्खी कथाच नदीकाठी पसरलेली आहे. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या परिसरात. तिथे रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आहे. नदीला आपण अमृतवाहिनी म्हणतो. ती अकोल्यात अगस्ती ऋषींच्या आश्रमाजवळून येते, संगमनेर ओलांडते आणि नेवाशात मोहिनीराजाच्या मंदिरापाशी पोचते. समुद्रमंथनानंतर मोहिनीने अमृत वाटलं ते इथेच, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. देवांच्या पंगतीत लपून बसलेल्या राहूचं शिर उडालं ते राहुरीला पडलं आणि काया पडली ती गोदावरीपलीकडे कायगावला, असं जुनी माणसं सांगतात.

आता या कथेतल्या नावांचं आपण काय केलं ते बघा. अमृत चहाच्या दुकानावर गेलं आणि 'अमृततुल्य' झालं. संस्थेला पंचाहत्तर वर्षं झाली की अमृतमहोत्सव झाला. राहू-केतू म्हणजे कायम जोडीने त्रास देणारे दोघं. आणि मोहिनी? एखाद्या गायकाने मोहिनी घातली, असं आपण म्हणतो. त्या शब्दात फक्त भुरळ शिल्लक राहिली. कथेतल्या मोहिनीकडे मात्र एक अवघड काम होतं : जे अमृत चुकीच्या हाती पडलं असतं तर जगाचा तोल गेला असता, ते योग्य हाती पोचवायचं. तिचं रूप लक्षात राहिलं, तिची जबाबदारी विसरली गेली.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. नावाचा शब्द होतो तेव्हा समाज त्या व्यक्तीबद्दल निकाल देत असतो. सगळी कथा बाजूला पडते, एकच गुण किंवा एकच दोष उरतो. बोलायला ते सोयीचं असतं, पण बहुतेक वेळा तो निकाल अर्धाच असतो.

नारदाचं उदाहरण घ्या. इकडचं तिकडे सांगणाऱ्याला आपण नारद म्हणतो. पण संध्याकाळी देवळात कीर्तन असतं, तेव्हा बुवा ज्या जागेवर उभे राहतात तिला आपण नारदाची गादी म्हणतो आणि तिच्यापुढे मान लववतो. एकाच भाषेत एकाच नावाचे दोन निकाल! भांडण लावणारा तो नारद, आणि गावाला शहाणं करणारा तोही नारदच.

दुसरं नाव आपल्या शेजारच्या कोपरगावचं. तिथे गोदावरीकाठी बेट भागात शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि मेलेल्याला जिवंत करणारी त्यांची संजीवनी विद्या आपण सगळे जाणतो. आज हा शब्द वर्तमानपत्रात रोज भेटतो. पावसाने ओढ दिली आणि मग सरी आल्या की खरिपाला संजीवनी, बंद कारखाना सुरू झाला की नवसंजीवनी. शब्द चांगला आहे, दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्याला तो जवळचा वाटावा यात नवल नाही. पण महाभारताच्या आदिपर्वातली कथा त्याहून मोठी आहे, आणि ती विद्यार्थ्यांची कथा आहे.

देवांचा तरुण कच शुक्राचार्यांकडे, म्हणजे शत्रूच्या गुरूकडे, विद्या शिकायला जातो. शुक्राचार्य त्याला ठेवून घेतात. असुर त्याला दोनदा मारतात, दोनदा गुरू त्याला उठवतात. तिसऱ्यांदा त्याला जाळून राख मद्यात मिसळून खुद्द गुरूंनाच पाजतात. आता कच बाहेर यायचा तर गुरूंचं पोट फाडूनच येणार. शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवतात. कच बाहेर येतो, गुरू मरून पडलेले असतात. हवी होती ती विद्या मिळाली होती, कोणी अडवणारं नव्हतं. तो निघून जाऊ शकला असता. त्याने पहिल्यांदा ती विद्या गुरूंना उठवण्यासाठी वापरली.

पुढे शुक्राचार्यांची मुलगी देवयानी त्याला लग्नाचं विचारते. तो नकार देतो, तेव्हा ती शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. समोर बसलेल्या शिक्षकांनी हे वाक्य मनात जपावं असं आहे. खाडिलकरांनी 1913 मध्ये 'संगीत विद्याहरण' लिहिलं ते याच कथेवर; खांडेकरांच्या 'ययाति'तही कच आणि देवयानी आहेत. 'संजीवनी' म्हणजे नुसती मदत नव्हे. शत्रूच्या मुलालाही शिकवणारा गुरू आणि विद्या घेऊन पळून न जाणारा शिष्य, हे दोघे मिळून ती विद्या होते.

आणि आता तुमच्याच तालुक्यातलं सर्वांत भीतीचं नाव : शनी. काम अडलं की शनी मागे लागला, घरात अडचणी आल्या की साडेसाती. या शब्दाचं मूळ आकाशात आहे. शनी हा ग्रह सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं घेतो. राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. जन्मराशीची आधीची, ती स्वतः आणि पुढची, अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षं. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या ग्रहांत हा सर्वांत सावकाश चालणारा, म्हणून त्याचं नाव शनैश्चर. तिकडे युरोपातही याच ग्रहाच्या नावावरून उदास, थंड स्वभावाच्या माणसासाठी इंग्रजी शब्द तयार झाला. हळू चालणं एवढाच त्याचा गुन्हा!

पण शनिशिंगणापूरला जाऊन बघा. देव उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. आणि गावाची परंपरा अशी, की घरांना दारं नाहीत, कड्याकुलपं नाहीत. 2011 मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तेव्हा तिनेही दाराला नेहमीसारखं कुलूप लावलं नाही. ज्या नावाने बाहेरचं जग दचकतं, त्याच नावाच्या भरवशावर त्या गावातली माणसं उघड्या घरात झोपत आली. भीतीचा शब्द त्यांनी भरवशाचा करून दाखवला. त्यासाठी त्यांनी शब्दकोश बदलला नाही, वागणं बदललं.

निकाल नीट न विचारता दिला की काय होतं, तेही सांगतो. पुरीच्या जगन्नाथाचं नाव इंग्रजीत गेलं. रथयात्रेत भक्त चाकांखाली उड्या घेतात, अशी वर्णनं युरोपातल्या प्रवाशांनी लिहिली, आणि 'जगरनॉट' म्हणजे समोर येईल ते चिरडत जाणारी आंधळी शक्ती, असा अर्थ झाला. ब्रिटनमध्ये अवाढव्य मालट्रकलाही तो शब्द वापरतात. जगन्नाथ म्हणजे जगाचा नाथ, आणि त्याचा महाप्रसाद सगळ्यांनी एका पंगतीत घेण्याची तिथली रीत, यातलं काहीच त्या शब्दात उरलं नाही. लांबून ऐकलेल्या गोष्टीवर एका देवाचं नाव बदनाम झालं.

हे इंग्रजांनीच केलं असं समजू नका. आपणही करतो. वर्गात कोणी हळू शिकतो, त्याला एक नाव चिकटतं. कोणाचा रंग, कोणाची उंची, कोणाचं बोलणं, कोणाचं गाव, यावरून टोपणनाव पडतं आणि मग तीन वर्षं तो मुलगा किंवा ती मुलगी त्याच एका शब्दात कोंडली जाते. तिची बाकीची कथा कोणी ऐकत नाही. मित्रांनो, माणसाचं लेबल करणं ही फार मोठी हिंसा आहे, आणि ती हसत हसत होते म्हणून लक्षात येत नाही.

असा निकाल कायमचा असतो का? नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या नावातच आहे. अहल्या हे रामायणातलं नाव. गौतम ऋषींच्या शापाने शिळा होऊन पडलेली, कोणीतरी येऊन उद्धार करील म्हणून वाट पाहणारी स्त्री, अशीच ती लोकांच्या तोंडी राहिली. वाल्मीकींच्या कथेत ती अदृश्य राहून तप करते, पण लोकांनी शिळाच लक्षात ठेवली. मग 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी एक मुलगी जन्माला आली, तिचंही नाव अहिल्या. नवरा गेला, सासरे गेले, मुलगा गेला. 1767 पासून 1795 पर्यंत तिने महेश्वराहून राज्य चालवलं. घाट बांधले, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, काशी विश्वनाथाचं मंदिर नव्याने उभारलं. आज अहिल्या म्हटलं की शिळा झालेली स्त्री कोणाला आठवत नाही, न्यायाने राज्य करणारी राणी आठवते. 2024 मध्ये जिल्ह्याने तेच नाव घेतलं. एका बाईच्या कामाने हजारो वर्षांच्या नावाचा अर्थ पालटला.

म्हणून तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली मागणी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी. या सुट्टीत घरी आजी-आजोबांपाशी बसा आणि तुमच्या गावात पुराणातली कोणती नावं बोलण्यात येतात, त्यांच्यामागे कोणती कथा सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. नेवासा, शेवगाव, पाथर्डी, अकोले, जिथून कोणी येत असेल तिथलं आणा. ही माणसं आहेत तोवरच या कथा मिळतील. पुढच्या पिढीला त्या कोणी सांगणार नाही. दुसरी मागणी त्याहून सोपी आणि त्याहून अवघड आहे. वर्गातल्या ज्या कोणाला तुम्ही एखाद्या टोपणनावाने ओळखता, त्याला उद्या त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि त्याची सगळी गोष्ट ऐकून घ्या.

आज पारितोषिक मिळालेल्या सर्वांचं अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही त्यांनी चौंडीच्या त्या मुलीची आठवण ठेवा. नाव आई-वडील देतात. त्याचा अर्थ मात्र तुम्हालाच कमवावा लागतो. तो चांगला कमवा.