सर्व्हर अडतो तेव्हां

गगनबावडा हें कोल्हापुरापासून सुमारें 55 किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेलें गांव. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट तेथूनच कोंकणांत उतरतात, आणि तेथला पाऊस सर्वश्रुत आहे. अशा गांवीं संगणकाचें काम अडलें कीं दोष सहजच पावसाच्या माथीं जातो. एखाद्या शेतकऱ्यानें पीककर्जासाठीं दूरच्या वाडीहून चिखल तुडवीत यावें, आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्यां या," एवढेंच ऐकून परतावें, यांत त्याचा दिवस बुडतो. म्हणून सर्व्हर अडतो म्हणजे काय होतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

दोष लाईनचा कीं सर्व्हरचा, हें प्रथम ठरवावें. त्याच यंत्रावर इतर ठिकाणचीं पानें उघडत असतील, तर लाईन शाबूत आहे. दोष बहुधा दूरच्या सर्व्हरांत असतो.

बँका, विमा इत्यादि संस्थांचे पुष्कळ व्यवहार जावा भाषेंतील प्रोग्रॅमांवर चालतात. ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें 1995 सालीं प्रसिद्ध केली. मोठ्या संस्थांसाठीं तिची विशेष पद्धति 1999 मध्यें आली. हल्लीं तिला जकार्ता ईई म्हणतात. हे प्रोग्रॅम ज्याच्या आश्रयानें चालतात, तो अॅप्लिकेशन सर्व्हर. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस हीं त्यांतील परिचित नांवें. जेबॉस 2006 सालीं ज्या रेड हॅट कंपनीनें घेतला, तिचें कार्यालय पुण्यासहि आहे.

हा सर्व्हर म्हणजे एक कचेरी समजावी. तींत ठराविक कारकून असतात. त्यांस थ्रेड म्हणतात. कागदपत्रें दप्तरखान्यांत, म्हणजे डेटाबेसमध्यें. दप्तरखान्याच्या किल्ल्याहि मोजक्याच. त्या संचास कनेक्शन पूल म्हणतात. काम झाल्यावर एखाद्या कारकुनानें किल्ली परत टांगली नाहीं, तर लगेच कांहीं बिघडत नाहीं. परंतु एकेक करून सर्व किल्ल्या गहाळ झाल्या, कीं उरलेले कारकून दाराशीं ताटकळतात आणि बाहेरची रांग थांबते. अशा वेळीं प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ असतो, कारण सारे वाट पाहत असतात.

उलट प्रोसेसर सारखा राबत असून काम सरकत नसेल, तर हीप, म्हणजे स्मृतीची जागा, भरली असण्याचा संभव असतो. रद्दी उचलणारा शिपाई, गार्बेज कलेक्टर, फेऱ्यांवर फेऱ्या मारतो. पण ज्या कागदाची कोठें तरी नोंद शिल्लक आहे, त्यास तो हात लावीत नाहीं.

अशा वेळीं सर्व्हर बंद करून पुन्हां चालू करण्याचा मोह होतो. त्यानें रांग सुटतेहि. पण कोणता कारकून कोठें अडला होता, हा पुरावा त्याच क्षणीं नाहींसा होतो, आणि कांहीं दिवसांनीं तोच रोग पुन्हां उद्भवतो. म्हणून बंद करण्याआधीं दोन मिनिटें द्यावीं. जेस्टॅक या साधनानें सर्व थ्रेडांची स्थिति लिहून घ्यावी; दहा दहा सेकंदांच्या अंतरानें तीन वेळां. तिन्ही नोंदींत अनेक थ्रेड एकाच ओळीवर दिसले, तर तपास तेथूनच सुरू करावा. हीप भरल्याचा संशय असेल, तर तिचीहि नोंद ठेवावी. लॉग वाचतांना शेवटची चूक न पाहतां पहिली शोधावी, कारण पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटीं जन्मतात. मागाहून उपाय करतांना एका वेळीं एकच बदल करावा.

किल्ल्यांची संख्या नुसती वाढविल्यानें गळती थांबत नाहीं. संकट केवळ लांबतें. किल्ली आपोआप परत जाईल अशी योजना प्रोग्रॅमांतच हवी, आणि ती करण्याची सोय 2011 सालच्या सातव्या जावापासून भाषेंतच आहे.

गगनबावड्यांतील खिडकीवर बसणाऱ्यासहि यांत थोडें करतां येण्यासारखें आहे. नुसतें "सर्व्हर डाऊन" असें न कळवितां, किती वाजतां, कोणत्या कामावर आणि पडद्यावर कोणते शब्द उमटले, तें जसेंच्या तसें कळवावें. त्या वेळेवरून दूरच्या तज्ज्ञास लॉगांतील नेमकी जागा सांपडते, आणि चिखल तुडवीत आलेल्या माणसाची पुढची खेप वांचण्याचा संभव वाढतो.