देव असलाच तर...

(तेलगाव, जि. बीड येथे ऊसतोडणीहून परतलेल्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पट्टा पडला, कोप्या मोडल्या, टोळ्या गावाकडं परतल्या. सहा महिने बंद असलेलं घराचं दार उघडून, झाडलोट करून तुम्ही आज इथं आलात. मला बोलायला सांगितलं होतं ते बायकांच्या आरोग्यावर. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एका बाईच्या प्रश्नाचं देणं माझ्यावर आहे. दोन वर्षं झाली, ते फिटलेलं नाही. ते आज तुमच्यासमोर फेडायचा प्रयत्न करते.

याच भागातल्या एका वस्तीवरची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण नाव कोणाचंही असू शकतं. तिशीतली बाई. कारखान्यावरून आली तेव्हापासून अंगावरून जायचं थांबत नव्हतं. सासूचं म्हणणं असं की, पाळीच्या दिवसांत कोपीतल्या देवीच्या तसबिरीला हिचा हात लागला, म्हणून देवी कोपली. आता कोपी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार पावलांची जागा. तिथंच चूल, तिथंच अंथरूण, तिथंच पोरं आणि तिथंच देव. हात लागणार नाही तर काय होणार? पण देवऋषी विचारला गेला. त्यानं बकरू सांगितलं, साडीचोळी सांगितली, जागरण सांगितलं.

बैठक संपल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, तुम्ही लई शिकल्याल्या. देव हाय का न्हाई, येवढंच सांगा. नसंल तर बकरू वाचलं. पर असंल तर? मला भ्या वाटतंय."

मी समाजकार्यात एम.ए. केलेली. चर्चा कशी घ्यावी, ऐकून कसं घ्यावं, सगळं शिकलेली. आणि मी फटकन बोलले, "देव-बिव काही नसतो गं. दवाखान्यात चल."

त्यातलं दवाखान्याचं बरोबर होतं. पण अंगणातल्या बायका गप्प झाल्या. पुढचे तीन महिने ती बैठकीला आली नाही. जागरण झालं, बकरू कापलं गेलं, पुढच्या हंगामाच्या उचलीतले पैसे त्यात गेले. ती दवाखान्यात पोचली तेव्हा कापसासारखी पांढरी पडली होती. रक्त चढवावं लागलं. जीव वाचला. पुष्कळ दिवसांनी मला म्हणाली, "तुमचं खरं बी असंल, ताई. पर तुम्ही सांगून निघून जाता. देवी घरात ऱ्हाती."

मैत्रिणींनो, या वाक्यानं माझी बरीच वर्षांची हुशारी उतरवली. तिनं काही मूर्खपणाचा प्रश्न विचारला नव्हता. देव आहे की नाही हे मला सिद्ध करून देता येत नाही. तुम्हालाही येत नाही, आणि देवऋष्याला तर नाहीच नाही. मग प्रश्न उरतो तो तिचाच. 'असलाच तर?' देव असण्याची शक्यता आहे असं धरलं, तर माणसानं वागायचं कसं?

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात पास्कल नावाचा एक मोठा गणिती होऊन गेला. तो गेल्यावर १६७० साली त्याची टिपणं छापली गेली. त्यात त्यानं एक हिशोब मांडला आहे. देव आहे असं धरून चाललात आणि तो निघाला, तर फायद्याला अंत नाही. नसला, तर गमावलं थोडंच. नाही म्हणून चाललात आणि तो निघाला, तर मात्र सगळं गेलं. म्हणून शहाण्यानं देवाच्या बाजूनं पैज लावावी.

ऐकताना नवं वाटतं, पण आपल्या घराघरात हा हिशोब रोज होतो. 'करून तर बघू, बिघडतं काय?' सोळा सोमवार करून बघू, नवस बोलून बघू, बकरू सोडून बघू. बिघडतं काय?

बिघडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. या पैजेला पैसा लागतो, वेळ लागतो, रक्त लागतं. आणि ते कोणाचं? पास्कलच्या हिशोबात पैज लावणारा आणि पणाला लागणारा एकच माणूस होता. आपल्याकडं तसं नसतं. नवस बोलते सासू, उपास घडतो सुनेला. मुलगा पाहिजे सगळ्या घराला, अनवाणी चालते बाई. पैज एकानं लावायची आणि पणाला बाईनं लागायचं, हे आपल्याला द्रौपदीपासून माहीत आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही. 'असला तर' म्हणून जे काही करायचं, ते ज्याचं त्यानं स्वतःच्या अंगावर करावं. दुसरीच्या जिवावर पैज लावणं म्हणजे भक्ती नव्हे.

दुसरी गोष्ट. देव असलाच, तर तो कसा असेल? कोपणारा, लाच घेणारा, बाईच्या हाताचा विटाळ मानणारा, हे कोणी ठरवलं? महात्मा फुल्यांनी या प्रश्नाला सरळ हात घातला. ते नास्तिक नव्हते. जग निर्माण करणारा कोणी आहे असं ते मानत आणि त्याला 'निर्मिक' म्हणत. पण त्यांचं म्हणणं असं की, तो आहे तर त्यानं सगळ्या माणसांना, बाईला आणि पुरुषाला, सारखेच हक्क देऊन जन्माला घातलं असणार. मग त्याच्या आणि आपल्या मध्ये दलाल कशाला? १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय लग्न लागलं. देव काढून टाकला नाही, मध्यस्थ काढून टाकला. ते गेल्यावर १८९१ साली छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात हा सगळा विचार आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या देवीचंच बघा ना. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला, लग्न राहिलं आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलेली. बिनलग्नाच्या देवीपुढं आपण डोकं टेकतो, ओटी भरतो. आणि घरी येऊन पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावतो, कारण कारखान्याला जाताना तिला मागं कोणाजवळ ठेवायचं? देवी बाई, आणि तिच्याकडं मागणं मुलाचं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी. देवी असलीच, तर हा आकडा तिला दिसत नसेल का? तिला कोपायचंच असेल तर ती तसबिरीला लागलेल्या हातावर कोपेल, की या आकड्यावर?

कोपाचं भय किती खरं, तेही पाहून घेऊ. शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही अशी जुनी रूढी होती. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, मंदिरात जाण्यापासून बायकांना अडवता येणार नाही, सरकारनं कायदा पाळून घ्यावा. त्याच महिन्यात चौथरा उघडला. बायका चढल्या. देवही जागेवर आहे आणि गावही जागेवर आहे.

तिसरी गोष्ट, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. देव असला तर त्याला घाबरायचंच असं कुठं आहे? त्याला जाबही विचारता येतो. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. १८५५ साली तिनं निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिनं थेट देवालाच विचारलं की, आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव. ज्या धर्माचा लाभ एकानंच घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, तो धर्म पृथ्वीवरून जावा, असं तिनं लिहिलं. आणि आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हेही लिहिलं. कोपीत बाळंत झालेल्या बायका इथं बसल्या आहेत. मुक्ताचं बोलणं त्यांना जुनं वाटणार नाही. ती देवावरून भांडत बसली नाही. देवासमोर उभी राहून माणसांचा हिशोब मागत होती.

आपल्याच काळातली दोन मोठी माणसं या प्रश्नावर एका व्यासपीठावर येत. डॉ. श्रीराम लागू म्हणत, देवाला आता रिटायर करा. डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत, देव मानायचा अधिकार घटनेनं दिलेला आहे, आपलं भांडण देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाशी आहे. गावोगाव लोकांपुढं दोघं आपापला मतभेद मांडत आणि एकाच कामात राहत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्यासाठी ते अनेक वर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्या कायद्यात देवाविरुद्ध एक अक्षर नाही. पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. साप किंवा विंचू चावला असताना दवाखान्यात जाऊ न देणं, त्याऐवजी मंत्र-गंडेदोरे करणं, हा मात्र गुन्हा आहे. हे तुम्हाला माहीत पाहिजे.

आता आपल्या कार्यकर्त्या मैत्रिणींना दोन शब्द. बाईच्या हातातला देव आपण एका वाक्यात हिसकावून घेतो आणि शेवटच्या एसटीनं घरी जातो. तिला रात्री भीती वाटते तेव्हा तिथं आपण नसतो. सासू बोलते, भावकी बोलते, तेव्हाही नसतो. ज्या बाईजवळ ना जमीन, ना पैसा, ना हक्काची माणसं, तिच्यासाठी देवीच्या पायाशी रडायला मिळणं हाही आधार असतो. तो सोडायचा की धरायचा, हे ती ठरवेल. आपलं काम तिच्याजवळ दुसरा आधार उभा करण्याचं. गटातल्या चौघी तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या असत्या, सासूशी कोणी जाऊन बोललं असतं, तर देव आहे की नाही हे तिला मला विचारावंच लागलं नसतं.

आणि तुम्हा सगळ्यांना माझं सांगणं असं. देव माना, मानू नका. पण देवाच्या नावानं कोणी काही मागितलं, की तीन प्रश्न विचारायचे. याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? यात पैसा कोणाच्या खिशात जातो? आणि हे केल्यानं दवाखाना, शाळा, पोटाला अन्न यातलं काही लांब पडतं का? फक्त बाईच्याच अंगावर पडत असेल आणि मधला कोणी कमावत असेल, तर ते मागणं देवाचं नाही, माणसाचं आहे असं समजा आणि नाही म्हणा. देव असलाच आणि चांगला असला, तर या नकाराचा त्याला राग येणार नाही. नसला, तर काहीच गमावलं नाही. पास्कलला सांगायची आपली पैज ही.

त्या बाईला मी आज काय उत्तर देईन? म्हणेन, देव आहे का ते मला माहीत नाही, बाई. तुला भीती वाटते तर मी आज रात्री इथंच राहते. तुला देवीला सांगायचं ते सांग. पण सकाळी आपण दोघी दवाखान्यात जाऊ. देवी असली तर ती थांबेल, रक्त थांबणार नाही.

म्हणून आज उठण्याआधी एवढं ठरवू. अंगावरून जास्त जात असेल तर गटातल्या दोघींना सांगायचं, आणि त्या दोघींनी सोबत जायचं. पिशवी काढायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी प्रत्येकीचं रक्त तपासून घ्यायचं. नवस बोलायचा त्या बोलतील, पण आधी दवाखाना.

आज ती बाई आपल्यात बसलेली आहे. मला वाटतं, तिला पटलं असेल. नसेल पटलं, तर तिनं उठून सांगावं. आता मी बसते, तुम्ही बोला.