गैरहजर माणूस, अडलेली जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या गर्दीत, अधूनमधून एक चौकट दिसते. 'आपण अमुक तारखेपासून परवानगी न घेता कर्तव्यावर गैरहजर आहात. पंधरा दिवसांच्या आत हजर व्हावे, अन्यथा...' खाली कुठल्या तरी कार्यालयप्रमुखाचे पद. आपण पान उलटतो. माझी नोकरीची बरीच वर्षे महसूल खात्यात, आस्थापनेच्या कामात गेली. त्यामुळे अशी चौकट दिसली की मला तिच्यामागची फाईल दिसते, आणि ती बहुधा चांगली जाडजूड असते.

या विषयावर बोलताना एक प्रश्न हमखास येतो. माणूस कामावर येत नाही, तर त्याला पगारही मिळत नसेल. मग नुकसान कोणाचे? पगार मिळत नाही हे खरे. पण जागा अडते. जोवर त्याचे नाव आस्थापनेवर आहे, तोवर ते पद कागदोपत्री भरलेले असते. भरलेल्या पदावर दुसरी कायम नेमणूक होत नाही. मग 'अतिरिक्त कार्यभार' या नावाखाली ते काम शेजारच्या टेबलावर किंवा शेजारच्या गावातल्या माणसावर जाते.

आमच्या एका तालुक्यात एक तलाठी पंधरा दिवसांच्या अर्जित रजेवर गेला, तो परत आलाच नाही. जिल्ह्याच्या गावी प्लॉटच्या खरेदी-विक्रीत त्याचा जम बसला आहे, हे चपराशापासून सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या सजात पाच गावे. कार्यभार मिळालेल्या तलाठ्याची स्वतःची सहा. तो बिचारा मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे बसे, तेही तहसीलला बैठक नसेल तर. नवरा वारलेली एक बाई वारसनोंदीसाठी येत असे. नोंद नाही म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही, नाव नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही. तिचा एक हंगाम असाच गेला. बडतर्फीच्या कोणत्याही फाईलमध्ये या हंगामाची नोंद नसते. त्या तलाठ्याला काढायला पावणेचार वर्षे लागली.

इतका वेळ का लागतो? सर्वसाधारण समज असा की सरकारी नोकराला घटनेचे संरक्षण आहे, म्हणून त्याला काढता येत नाही. हे मला मान्य नाही. घटनेचे ३११ वे कलम मुख्यतः दोन गोष्टी सांगते. ज्याने नेमले त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने काढू नये, आणि काढण्यापूर्वी आरोप सांगून, चौकशी करून, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी. बस्स. नोटीस रीतसर बजावूनही माणूस फिरकला नाही, तर चौकशी एकतर्फी पुरी करता येते. पत्त्यावरून पाकीट 'घर बंद' शेरा घेऊन परत आले, तर दारावर चिकटवून पंचनामा करता येतो, वर्तमानपत्रात ती चौकट देता येते. चौकशी अहवालाची प्रत त्याला द्यावी लागते. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. हे सगळे मनात आणले तर काही महिन्यांत होते.

वर्षे जातात ती इतर ठिकाणी. पहिल्या महिन्यात कोणी पत्रच लिहीत नाही. 'येईल, घरचे काही असेल' असे म्हणून मस्टरवर लाल रेघ मारली जाते. मग दोषारोपपत्राचा मसुदा वर जातो, त्रुटी काढून खाली येतो. चौकशी अधिकाऱ्याची बदली होते. कधी मध्येच एखादा दयाळू कारकून गैरहजेरीचा काळ 'असाधारण रजा' म्हणून मंजूर करून टाकतो. पुढे न्यायालयात पहिला प्रश्न हाच, की रजा दिलीत तर मग गैरहजेरी उरली कुठे?

दिल्लीचे एक प्रकरण गाजले होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा एक कार्यकारी अभियंता डिसेंबर १९९० मध्ये रजेवर गेला. रजा वाढवून मिळाली नाही, तरी तो परतला नाही. चौकशी १९९२ साली सुरू झाली, आरोप २००७ मध्ये सिद्ध झाले, आणि बडतर्फीचा हुकूम निघाला जानेवारी २०१५ मध्ये. चोवीस वर्षे! आरोप सिद्ध झाल्यानंतरची सात वर्षे तर कोणत्याही घटनेने मागितलेली नव्हती.

मग अमुक दिवस गैरहजर राहिला की नोकरी आपोआप गेली, असा नियमच का नको? असे नियम होते. जोधपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातला एक हेड वॉर्डर १९५० साली रजेवर गेला, आजारपणामुळे रजा वाढवत राहिला आणि तिथल्या नियमानुसार त्याची नोकरी 'आपोआप' संपली. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. म्हणणे न ऐकता काढणे म्हणजे ३११ चा भंग, असे ठरले. बिहारमधल्या शिक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याच्या बाबतीतही १९७१ साली हेच झाले. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून हक्क आहे, असे आपले निवृत्त मंडळी अभिमानाने सांगतात ना, ते त्याच निकालातले! केंद्राच्या रजा नियमांत आज पाच वर्षांची मर्यादा आहे. त्यापुढे सलग गैरहजेरी असेल तर राजीनामा दिला असे मानले जाते, पण तिथेही आधी कारण विचारावेच लागते.

आणि कारण विचारण्यात अर्थ असतो. गुप्तवार्ता विभागातल्या एका कर्मचाऱ्याचे म्हणणे होते, की वरिष्ठ आपल्याला हजेरीपटावर सहीच करू देत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला परत कामावर घ्यायला सांगितले, निम्म्या थकीत पगारासह. नुसती गैरहजेरी पुरेशी नाही, ती जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हायला हवे, असे त्या निकालात आहे. माझ्यासमोर आलेल्या फायलींत एक लिपिक होता. अकरा महिने पत्ता नाही, नोटिशीला उत्तर नाही. आम्ही नोटीस डकवायला माणूस पाठवला, तेव्हा कळले की तो घरातच आहे, आतल्या खोलीत. कोणाशी बोलत नाही. लोक काय म्हणतील म्हणून घरच्यांनी आजार लपवला होता. सेवेत असताना अपंगत्व आले, त्यात मानसिक आजारामुळे आलेलेही धरले जाते, तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. १९९५ च्या कायद्यात ही तरतूद होती, २०१६ च्या कायद्यातही आहे. त्या लिपिकाची वैद्यकीय मंडळाकडून तपासणी झाली, आणि पुढे त्याला अभिलेख कक्षात हलके काम मिळाले. पंचनाम्याला गेलेला माणूस दारावर कागद चिकटवून परत आला असता, तर तो बडतर्फ झाला असता.

म्हणून घरच्या मंडळींना एक सांगतो. तुमच्या घरातला माणूस कोणत्याही कारणाने कामावर जात नसेल, तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही स्वतः कार्यालयाला अर्ज लिहा. आजाराचे नाव लिहायला लाज वाटत असेल तर 'प्रकृती अस्वास्थ्य' एवढेच लिहा, डॉक्टरांचा दाखला मागाहून जोडा. अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि ती पावती जपून ठेवा. नोटीस आली तर ती परत पाठवू नका. घ्या, आणि मुदतीच्या आत दोन ओळींचे का होईना, उत्तर द्या.