फोनवरून कोडिंग शिकवताना

मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतंत, फोनवरून कोडिंग शिकवता तरी कसं? कोडिंग म्हणजे मोबाइलनं काय करायचं ते त्याला ओळीओळीनं लिहून सांगणं. आम्ही तिघी भोरमध्ये आणि आमच्या आठ पोरी डोंगरातल्या वाड्यांवर.

आधी आम्ही चुकलोच. व्हिडिओवर लिहून दाखवायचो, पोरी "हो ताई, समजलं" म्हणायच्या. दोन महिन्यांनी एकीलाही स्वतःहून चार ओळी लिहिता येईनात. नुसतं बघून भाकरी थापता येते का?

मग व्हिडिओ बंद केला. पायथन चालवणारं ॲप एकदा उतरवून घेतलं की त्याला नेट लागत नाही. साधा कॉल, फोन स्पीकरवर. लिहायचं तिनंच, आणि चूक दिसली की मोठ्यानं वाचायची. कितव्या ओळीत अडलंय ते बहुतेकदा पायथनच सांगतं.

एका पोरीनं आईच्या बचत गटाचा हिशोब घेतला. महिन्याची बचत विचारायची आणि बारानं गुणायची. तिनं 100 टाकले, तर पडद्यावर 100100100 असे आकडे लागोपाठ उमटले. "ताई, एवढा पैसा गटाकडं?" मागून आईचं हसू ऐकू आलं. उत्तर आमच्या ओठांवर होतं, पण गप्प बसलो. ते फार जड जातं बरं का! एवढंच म्हटलं, "200 टाकून बघ." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई, हे गुणत नाही, बारा वेळा लिहितंय!"

अगदी बरोबर. आपण टाकलेला आकडा पायथन नावासारखा, अक्षरं म्हणून घेतं. 'इंट' लावलं की तो संख्या होतो. तिनं लावलं, 1200 आले. आईनं पासबुक काढून ताळा केला.

खरी अडचण वेगळीच आहे. फोन वडिलांचा नाहीतर भावाचा. तो रात्री आठनंतर मिळतो, तेव्हा पोर पेंगत असते. यापायी दोघींचा वर्ग सुटला. त्या हुशार होत्या, आम्हाला अजून चुटपुट लागते. म्हणून गटाच्या बैठकीत हा विषय काढा. आठवड्यातून दोनदा, उजेड असताना, तासभर फोन पोरीच्या हातात. एका वाडीत बायकांनी तसं ठरवलंय, तिथल्या तिघी टिकून आहेत.

पुढच्या शनिवारी पोरी 5000 रुपयांच्या कर्जाचं महिन्याचं व्याज काढणार आहेत, शेकडा दोननं. गटाची वही जवळ ठेवा, ताळा तुम्हीच करायचा आहे.