गाजरगवताला शीव नसते

विंचूरचे नाव काढले की कोणाला पेशवाईतले विंचूरकर सरदार आठवतात, कोणाला कांद्याचा बाजार, तर अलीकडे कोणाला द्राक्षे. आज ज्या वनस्पतीविषयी मी बोलणार आहे तिला एवढा मान नाही. ती शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी असते, गायरानात असते, स्मशानाच्या वाटेवरही असते. तुम्ही तिला गाजरगवत म्हणा, काँग्रेस गवत म्हणा, नाहीतर चटकचांदणी. शास्त्रज्ञ तिला पार्थेनियम म्हणतात. आपण गवत म्हणतो खरे, पण कुळ पाहिले तर ते सूर्यफुलाचे आणि शेवंतीचे. चांगल्या घरातसुद्धा एखादे कार्टे असे निघायचेच!

हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. आपल्याकडे ते जाणत्यांच्या नजरेत ठळकपणे भरले ते पुण्यात, 1955 साली. अमेरिकेच्या 'पीएल 480' च्या गव्हाबरोबर ते आले, अशी आपली पक्की समजूत आहे. पण तारखा पाहा. त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार 1956 च्या ऑगस्टमधला, आणि गवत त्याआधीच पुण्यात हजर! परदेशचे धान्य आपल्याकडे त्यापूर्वीही येत होते. तेव्हा बी नेमके कोणत्या पोत्यातून सांडले, हे आज कोण छातीठोकपणे सांगणार? आणि समजा सांगितले, तरी त्याने मैदान थोडेच साफ होणार आहे? गवत आणले कोणी, हा वाद आपण सत्तर वर्षे घातला. ते उपटायचे कोणी, याचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.

त्याचा उपद्रव तुम्हाला ठाऊक आहे. जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. लावलेच तर दुधाला कडवटपणा येतो. त्याच्या अंगातले पार्थेनिन नावाचे द्रव्य माणसाच्या कातडीला बाधते. एकदा का अंगाला ते लागू झाले, की पुढे नुसत्या स्पर्शानेही खाज सुटते, कातडी जाड होते, काळवंडते. परागांनी शिंका येतात, काहींना दमा होतो. उघड्या हातांनी निंदणी करणाऱ्या बायांना याचा जाच सर्वांत जास्त, आणि त्यांची तक्रार मात्र सर्वांत शेवटी ऐकली जाते.

आता त्याची खरी ताकद कशात आहे ते पाहू. पहिल्या पावसाबरोबर ते उगवते. आरंभी पाने जमिनीलगत पसरून शेजाऱ्याची जागा अडवते आणि साधारण सहा-आठ आठवड्यांत फुलावर येते. एकेक झाड दहा-दहा हजार आणि त्याहूनही अधिक बी टाकते. ते बी हलके. वाऱ्याने जाते, पाटाच्या पाण्याने जाते, गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून जाते. काही बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.

ही माहिती मनात ठेवून विंचूरकडे पाहा. येथून नाशिक-येवल्याचा मोठा रस्ता जातो आणि लासलगावचा रस्ता फुटतो. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे. गावोगावचे ट्रॅक्टर कांदा घेऊन येतात आणि परत जातात. येथेच वाइन उद्योगासाठी वसवलेली औद्योगिक वसाहत आहे. पालखेडचा डावा कालवा निफाड आणि येवला तालुक्यांना पाणी देतो. म्हणजे रस्त्याच्या कडेचा धनी एक, बाजार आवाराचा दुसरा, वसाहतीचा तिसरा, कालव्याच्या भरावाचा चौथा, आणि गायरान व मैदान ग्रामपंचायतीच्या गळ्यात. प्रत्येकाने आपापली हद्द साफ करायची, हे कागदावर ठीक दिसते. पण एकाने जुलैत उपटले, दुसऱ्याने दिवाळीनंतर कापले आणि तिसऱ्याने हातच लावला नाही, तर काय होणार? पहिल्याचे श्रम तिसऱ्याच्या बियांखाली गाडले जाणार. माणसाने शीव आखली; गवताला ती दिसत नाही.

पाण्यातल्या तणाचीही हीच तऱ्हा. आपल्याच निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर 1986 साली अभयारण्य झाले आणि 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथे गोदावरीतून पानवेली वाहत येतात. त्या पोसल्या जातात वरच्या अंगाच्या सांडपाण्यावर, पुरात अडकतात सायखेड्याच्या पुलाला, आणि पाणी झाकतात पाखरांचे. खालच्या गावाने कितीही उपसल्या, तरी वरच्या शहराने हात दिल्यावाचून त्या संपायच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, सरकारने कायदा करावा! कर्नाटकाने 1975 साली तसे केले. हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले. गवताने तो हुकूम काही वाचला नाही. कायदा हवाच, पण त्याला तारीख हवी आणि हात हवेत.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. गावाचे एक गाजरगवताचे पंचांग करा. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत गावाचा नकाशा पुढे ठेवा आणि कोणती कड कोणाची, ते त्यावर लिहा. प्रत्येक धन्याला मे महिन्यातच पत्र द्या. बांधकाम खात्यावर किंवा बाजार समितीवर सरपंचाचा हुकूम चालत नाही, हे खरे; पण हुकूम नसला तरी एक तारीख सर्वांना सांगता येते. ती तारीख जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धरा. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर 16 ते 22 ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तो जरूर पाळा, पण दुसऱ्या फेरीसाठी. कारण जूनमध्ये पाऊस लागला असेल तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत बरीच झाडे फुललेली असतात.

झाड ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. वरून कापले तर ते पुन्हा फुटते. फुलापूर्वीचे झाड खड्ड्यात कुजवून खत होते. फुललेले मात्र उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर खताबरोबर तेच शेतात जाईल. उपटणाऱ्यांना मजुरी द्या, हातमोजे द्या, तोंडाला फडके द्या. शाळेच्या पोरांना फुललेल्या गवतात लोटू नका.

आणि रिकामी जागा रिकामी ठेवू नका. टाकळा आपल्या ओळखीचा. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो. दिवाळीच्या सुमारास त्याचे बी गोळा करून ठेवावे आणि पावसापूर्वी पडीक जागेवर फेकावे. तो दाट उगवतो आणि गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. शिवाय 1983 साली मेक्सिकोतून बंगलोरला आणलेला आणि 1984 पासून सोडलेला एक लहानसा भुंगेरा पावसाळ्यात याच गवताची पाने फस्त करतो. फिक्या अंगावर काळ्या रेघा असलेला तो किडा दिसला, तर तेथे औषध मारू नका. तो बिनपगारी मजूर आहे!

एका वर्षात हे संपणार नाही. जमिनीतले बी संपेपर्यंत चार-पाच वर्षे हाच क्रम ठेवावा लागेल, आणि मधले एक वर्ष चुकले तर हिशेब पुन्हा आरंभापासून. म्हणून ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. कोणाची कड कोणत्या तारखेला साफ झाली, कोणाची राहिली, हे तिच्यात लिहा आणि पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा. चारचौघांत आपले नाव 'राहिले' या रकान्यात ऐकायला कोणालाच आवडत नाही. खात्याच्या साहेबालाही नाही आणि बांधावरचे गवत तसेच ठेवणाऱ्या तुम्हाआम्हालाही नाही.