छपराखाली की उघड्यावर

वाहनासाठी जागा बांधण्याची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. घोड्यांची पागा, रथांची रथशाळा, बग्ग्यांचा बग्गीखाना ही सारी त्याच गरजेची रूपे होत. 'गॅरेज' हा शब्द मात्र मोटारीबरोबर आपल्याकडे आला आणि येथे येताच त्याला दुसराच अर्थ चिकटला. मोटार 'गॅरेजला टाकली' असे कोणी म्हटले की ती दुरुस्तीला गेली असे मराठी माणूस समजतो. येथे गॅरेज म्हणजे मोटार विसाव्याला ठेवण्याची बंदिस्त खोली, एवढाच मूळ अर्थ अभिप्रेत आहे. वाहन अशा खोलीत ठेवावे की उघड्यावर, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आणि खासगी वाटतो. दिल्लीत तो तसा राहिलेला नाही.

1931 साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले तेव्हा तेथील बंगल्यांना पुढे पोर्च आणि मागे नोकरांच्या घरांशेजारी मोटारखाना, अशी योजना स्वाभाविक मानली जात होती. जमीन विपुल होती आणि मोटारी थोड्या होत्या. गॅरेजविषयीचा आपला सर्वसाधारण समज, म्हणजे चार भिंती, दार आणि कुलूप असले की वाहन सुरक्षित, ह्याच काळातून आलेला आहे. तो कितपत खरा आहे हे आधी पाहिले पाहिजे.

वाहनाचे जे नुकसान उभ्या उभ्या होते त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. मे-जूनमध्ये दिल्लीचे तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या मोटारीच्या आत ते त्याहून कितीतरी अधिक होते. बॅटरीतील रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात. ती न वापरताही उतरते आणि तिचे आयुष्य घटते. टायरची कथा अधिक मनोरंजक आहे. हवेतील ओझोनपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून त्यात एक प्रकारचे मेण मिसळलेले असते. चाक फिरत असताना रबर दबते, ताणले जाते आणि हे मेण पृष्ठभागावर येत राहते. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या मोटारीच्या टायरला हा लेप नीट मिळत नाही, आणि भरीला ऊन असेल तर त्याच्या कडेला बारीक भेगा दिसू लागतात. चालते वाहन उभ्या वाहनापेक्षा निरोगी राहते, हा जुन्या ड्रायव्हरांचा अनुभव निराधार नाही.

उन्हाळ्यातच पश्चिमेकडून 'आंधी' येते. ह्या धुळीतील वाळूचे कण मोटारीच्या रंगापेक्षा कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने मोटार पुसणारा मनुष्य मोठ्या निष्ठेने तिला ओरखडे पाडीत असतो. कापडी आच्छादनही वाऱ्याने फडफडू लागले की आत शिरलेल्या धुळीवर घासून तेच काम करते.

आता हिवाळ्याकडे वळू. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री उघड्यावरच्या मोटारीचा पत्रा आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग त्यावर दव जमते. हे दव धुळीशी मिसळून सांध्यांमध्ये, दारांच्या खालच्या कडांमध्ये उतरते, आणि शहराच्या धुरातील गंधकाचे अंश त्याला गंज चढविण्यास मदत करतात. त्याच गल्लीत दाट कडुनिंबाखाली उभी असलेली मोटार सकाळी बरीचशी कोरडी आढळते. झाडाला भिंती नसतात. त्याने फक्त पत्रा आणि आकाश ह्यांच्यामध्ये आडोसा धरलेला असतो. (पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक हा त्या आडोशाचा मोबदला म्हणावा लागेल.)

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ऊन, पाऊस आणि दव ह्या तिन्हींपासून वाचविते ते छप्पर. भिंती चोराला अडवितात, आंधीला काही प्रमाणात थोपवितात. परंतु ओलाव्याच्या बाबतीत त्या बहुधा अपायच करतात. हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने वाढतो, आणि पावसाळ्यात दिल्लीची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. पावसातून भिजून आलेली मोटार झरोका नसलेल्या खोलीत कोंडली तर ती उघड्या वाऱ्यावर जितकी लवकर वाळली असती तितकी वाळत नाही. शिवाय अंधार आणि शांतता उंदरांना प्रिय असते, आणि तारांवरील आवरणे कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग होय. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे तर प्राणघातक आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. तेव्हा केवळ धातू, रंग आणि रबर ह्यांच्या हिताचा विचार केला तर दिल्लीत सर्वांत चांगली जागा म्हणजे वर पक्के छप्पर आणि बाजूंनी खेळती हवा असलेला मांडव.

पण दिल्लीतील माणसांनी गॅरेजचा निर्णय धातूच्या हितावर कधी घेतला नाही. घेणे शक्यही नव्हते. 1957 साली स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाने मध्यमवर्गीयांसाठी सदनिका बांधल्या तेव्हा अनेक वसाहतींत स्कूटरसाठी वेगळी छोटी गॅरेजेस बांधून ती रहिवाशांना दिली. त्या काळी पुण्याजवळच्या आकुर्डीहून येणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती आलेले वाहन कुलपात ठेवावेसे वाटणे साहजिक होते. डिसेंबर 1983 मध्ये गुडगावच्या कारखान्यातून मारुती 800 बाहेर पडली. पुढे स्कूटरची जागा मोटारीने घेतली, आणि ही मोटार लहान असली तरी स्कूटरच्या गॅरेजमध्ये मावणारी नव्हती. मुले वाढली, सामान वाढले. रिकामे गॅरेज कोठे अडगळीची खोली झाले, कोठे इस्त्रीवाल्याचे दुकान, कोठे कोणाच्या निवाऱ्याची जागा. माणूस आत आला आणि वाहन रस्त्यावर गेले. यात रहिवाशांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या घरात दोन खोल्यांत सहा जण राहतात तेथे तिसरी खोली यंत्राला देणे हीच विसंगती ठरली असती.

मात्र त्यामुळे जागेचा हिशेब मिटला नाही, तो केवळ दुसऱ्याच्या नावावर गेला. दिल्लीच्या बृहद्‌ आराखड्यात एका मोटारीमागे उघड्यावर 23 चौरस मीटर, तळमजल्यावर छपराखाली 28 आणि तळघरात 32 चौरस मीटर जागा धरलेली आहे. यात मोटार आत-बाहेर नेण्याची वाटही येते. मारुती 800 स्वतः जेमतेम पाच चौरस मीटर जागा व्यापीत असे. म्हणजे मोटारीपेक्षा तिच्या येण्याजाण्याची जागाच कितीतरी मोठी, आणि रस्त्याकडेला उभे केले की ही वाट फुकट मिळते. 2 सप्टेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील निवासी भागांच्या पार्किंगविषयी निर्णय देताना पदपथ हे पादचाऱ्यांसाठीच असल्याचे बजावले, यावरून ही फुकट जागा कोणाच्या पायाखालून काढली गेली होती हे दिसते.

2007 मध्ये अधिसूचित झालेल्या बृहद्‌ आराखड्यानंतर इमारत खांबांवर उचलून खालचा मजला मोटारींसाठी मोकळा ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. वर छप्पर, बाजूंनी वारा: वर ज्याचे वर्णन केले तोच हा मांडव. वाहनाच्या दृष्टीने याहून चांगली सोय दिल्लीने क्वचितच केली असेल.

आणि नेमकी येथेच कायद्याची अडचण उभी राहिली. 26 नोव्हेंबर 2014 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 15 वर्षांहून जुनी वाहने दिल्लीच्या रस्त्यांवर चालविण्यास, तसेच सार्वजनिक जागी उभी करण्यासही मनाई केली. पुढील वर्षी डिझेल वाहनांसाठी ही मर्यादा 10 वर्षे झाली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बंद पडलेली, वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली मोटारही दारासमोरच्या रस्त्यावरून उचलली जाऊ लागली. ऑगस्ट 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी वाहने, मालकाने ती खासगी जागेत ठेवण्याची अथवा दिल्लीबाहेर नेण्याची हमी दिल्यास, परत करण्यास सांगितले. त्यानंतर 2024 साली दिल्ली सरकारने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत खासगी जागेची व्याख्या करताना सामाईक पार्किंग, ते निवासाच्या आवारात असले तरी, वगळण्यात आले.

खांबांखालची जागा चार मजल्यांवरील चार कुटुंबांत सामाईक असेल तर तेथे उभी असलेली जुनी मोटार ऊन, पाऊस आणि दव ह्यांच्या दृष्टीने छपराखाली होती. त्या तत्त्वांच्या दृष्टीने ती उघड्यावर होती. ज्याच्याकडे जुन्या बंगल्यातील मोटारखाना होता त्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवला नाही. 12 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर कठोर कारवाई करू नये असा आदेश दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हे संरक्षण भारत स्टेज 4 व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते राखण्यात आले. स्टेज 3 ची मोटार घेऊन खांबांखाली राहणाऱ्या कुटुंबाला तेव्हा पुन्हा शेजाऱ्यांकडे जावे लागले, आपल्या वाट्याची जागा कागदावर वेगळी करून मिळेल का हे विचारण्यासाठी.